विधानसभेत आपला प्रश्न कसा लागतो : नवख्या पुणेकरांसाठी

पुण्यात निवेदनांना तोटा नाही. प्रत्येक पेठेत एक नागरिक मंच, प्रत्येक मंचाकडे लेटरहेड आणि प्रत्येक लेटरहेडवर अर्ध्या गावाला प्रत. निवेदनाची पोच मिळते, आवक शिक्का बसतो आणि पुढे सगळं शांत. त्याच विषयावर विधानसभेत तारांकित प्रश्न लागला की त्याच कार्यालयात ‘एलएक्यू (म्हणजे विधानसभेतला प्रश्न) आलाय’ म्हणून पळापळ सुरू होते. शिपायापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत सगळे जुन्या फायली उपसायला लागतात. कारण साधं आहे. निवेदनाला उत्तर देणं मर्जीवर असतं. प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, ठरल्या तारखेला, मंत्र्यांच्या नावाने आणि छापील.

आमच्या भागातल्या नागरिक गटाचं काम करताना आमदारांच्या कार्यालयांसाठी अशा प्रश्नांचे मसुदे करायची सवय लागली. सोसायटीचे सेक्रेटरी, मोहल्ला कमिटीतली मंडळी, आमदारांच्या कार्यालयात नुकतीच रुजू झालेली पोरं, सगळी तेच ते विचारत राहतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. सगळी मेहनत एका गोष्टीसाठी असते, हे सुरुवातीलाच सांगतो : सरकारला ‘हे खरे नाही’ असं तीन शब्दांत सुटता येऊ नये.

१. विषय कोणाच्या दारातला, ते आधी ठरवा

निम्मे प्रश्न इथेच वाया जातात. पुण्यात तर हे फारच गुंतागुंतीचं आहे, कारण एकाच चौकात चार सरकारं उभी असतात.

चांदणी चौकाचं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं. २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे तिथला जुना पूल पाडला, तोही त्यांच्याच प्रकल्पात. नवले पुलावरचे अपघातही त्याच महामार्गावरचे. म्हणजे रस्त्याच्या रचनेबद्दल विचारायचं तर खासदारांकडे, लोकसभेत किंवा राज्यसभेत, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना. पण त्याच रस्त्यावर वाहतूक पोलीस किती, कारवाई किती, हे राज्याच्या गृह विभागाचं, म्हणजे आमदारांकडे. कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण मंत्रालयाचं. रेल्वे स्टेशन आणि लोहगाव विमानतळ केंद्राचे. मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोत केंद्र आणि राज्य दोघांचा निम्मा-निम्मा वाटा, त्यामुळे तिथे दोन्हीकडे दार आहे.

राज्याच्या आतही विभाग चुकतो. दवाखान्यांचं उदाहरण घ्या. ससूनबद्दल सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना विचारलेला प्रश्न चुकीच्या टेबलावर जातो, कारण ससून बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं. औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचं मनोरुग्णालय मात्र सार्वजनिक आरोग्यचं. कमला नेहरू रुग्णालय महापालिकेचं, म्हणून नगर विकास. चार दवाखाने, तीन मंत्री.

महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांचे विषय विधानसभेत नगर विकास विभागामार्फत जातात. खडकवासला धरणसाखळीतलं पाणी, कालवे, पूररेषा जलसंपदाकडे. नगरसेवकाने महापालिकेच्या सभागृहात विचारायचा प्रश्न वेगळा, तो थेट विधानसभेत नेऊ नका. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, त्या काळात गटारापासून सगळंच विधानभवनात जायला लागलं होतं. तो नाइलाज होता. एका गल्लीतला दिवा हा विधानसभेचा विषय नव्हे. शहरभर दिव्यांच्या देखभालीचा ठेका कोणत्या अटींवर दिला, हा आहे.

२. आयुध निवडा

विधिमंडळात याला ‘आयुधं’ म्हणतात. नवख्या माणसाला चार माहीत असली तरी पुरे.

तारांकित प्रश्न : सभागृहात पहिल्या तासात, प्रश्नोत्तरांच्या वेळी, मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. उत्तर छापून आधीच वाटलेलं असतं. सगळी गंमत उपप्रश्नांत.

अतारांकित प्रश्न : फक्त लेखी उत्तर, उपप्रश्न नाही. आकडेवारी, याद्या, वर्षवार खर्च हवा असेल तर हाच बरा. लोक याला दुय्यम समजतात, मला ते पटत नाही. तारांकितला गर्दी असते आणि नशिबाचा भाग असतो. नीट लिहिलेला अतारांकित प्रश्न तुम्हाला दोन पानी तक्ता मिळवून देतो. फक्त उत्तराला वेळ लागू शकतो, धीर हवा.

लक्षवेधी सूचना : अधिवेशन चालू असताना एखादी तातडीची सार्वजनिक महत्त्वाची बाब घडली तर. विधानसभेच्या नियम १०५ खाली ती देतात. मंत्री निवेदन करतात, मग सदस्य प्रश्न विचारतात. आज काल-परवाची घटना असेल तर प्रश्नामागे लागू नका, लक्षवेधीच द्या.

अर्धा तास चर्चा : आधी दिलेल्या उत्तरातून नीट खुलासा झाला नसेल तर. हिचा उपयोग पुढे येईल.

अल्पसूचना प्रश्नही असतो, पण तो मंत्र्यांनी तयारी दाखवली तरच लवकर लागतो. औचित्याचा मुद्दा हे पाच वाक्यांत लक्ष वेधण्याचं साधन आहे. त्याने बातमी होते, पण नेमकी माहिती बाहेर काढायला तो कामाचा नाही.

३. कागद जमवा

आमदारांकडे रिकाम्या हाताने, नुसता संताप घेऊन जाऊ नका. फायलीत एवढं हवं :

– विषयाची एक पानी टिपणी, तारखांसकट. पान उलटावं लागता कामा नये.
– पूर्वी दिलेल्या निवेदनांच्या, आवक शिक्का असलेल्या प्रती.
– माहिती अधिकारात मिळालेली उत्तरं.
– संबंधित शासन निर्णय, निविदा किंवा कार्यारंभ आदेश, त्याच्या क्रमांकासह.
– तारीख दिसेल असे फोटो.
– वर्तमानपत्राची कात्रणं, असलीच तर. पण नुसत्या कात्रणावर प्रश्न उभा करू नका. बातमी चुकीची निघाली की सगळा डोलारा खाली.
– याच विषयावर आधी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, त्या चाळा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. पण तीन वर्षांपूर्वी ‘काम सहा महिन्यांत पूर्ण करण्यात येईल’ असं उत्तर सापडलं तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच तयार झाला.

माहिती अधिकाराच्या अर्जाबद्दल एवढंच : राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अधिवेशनाची तारीख पाहून उलटे दिवस मोजा आणि अर्ज टाका. अपिलात जायची वेळ आली तर पुढचं अधिवेशन धरून चाला.

फोटोंबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे फसगत हमखास. प्रश्न दाखल झाल्याची कुणकुण लागताच स्थानिक कार्यालय जागं होतं. खड्डा बुजतो, राडारोडा उचलला जातो, बंद पंप अचानक सुरू होतो. मग उत्तर येतं : ‘सद्यस्थितीत सदर ठिकाणी खड्डे नाहीत, त्यामुळे हे खरे नाही.’ काम झालं म्हणून आनंद मानायचा की खोटं उत्तर आलं म्हणून चिडायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. मी दोन्ही करतो. पण प्रश्नात ‘दिनांक अमुक रोजी वा त्या सुमारास’ असं लिहिलेलं असेल आणि त्या तारखेचे फोटो हाताशी असतील, तर हा पळ काढता येत नाही.

४. आमदार गाठा, आणि योग्य आमदार गाठा

पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत : वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, खडकवासला, पर्वती, हडपसर, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. खासदारांच्या बाबतीत घोळ होतो, तेव्हा लक्षात ठेवा : खडकवासला मतदारसंघ लोकसभेला बारामतीत आहे आणि हडपसर शिरूरमध्ये. पत्ता पुण्याचा असला म्हणजे खासदार पुण्याचेच असतात असं नाही.

तुमचे आमदार मंत्री असतील तर त्यांना प्रश्न विचारता येत नाही, कारण ते उत्तर देणाऱ्या बाकावर बसतात. पुण्यात हे वरचेवर होतं. मग काय? विधान परिषदेकडे वळा. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक या मतदारसंघांत पुण्यासह सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे जिल्हे येतात, म्हणजे तिथले दोन्ही आमदार तुमचेही आहेत. शिवाय कुठल्याही आमदाराला राज्यातल्या कुठल्याही ठिकाणाबद्दल विचारता येतं. शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांनी तुमचा विषय उचलला तर नियमाची आडकाठी नाही, फक्त स्थानिक आमदारांचं नाक वर होतं. त्यांना आधी जाऊन सांगा, ‘साहेब, तुम्हाला विचारता येत नाही म्हणून तिकडे दिलंय’. बहुतेक वेळा राग निवळतो.

सत्ताधारी आमदार प्रश्न विचारत नाहीत हा गैरसमज आहे, भरपूर विचारतात. विरोधी आमदार उपप्रश्नात अडून बसतात, सत्ताधारी आमदारांना मंत्र्यांच्या दालनात बैठक लावून घेणं सोपं जातं. तुम्हाला काय हवंय त्यावर ठरवा. यादीत एकाच प्रश्नाखाली अनेक आमदारांची नावं असतात, तेव्हा दोन्ही बाजूंच्या आमदारांना तोच मसुदा देण्यातही काही गैर नाही.

कार्यालयात गेलात की गाठायचा माणूस म्हणजे स्वीय सहायक. ‘पीए’ हा शब्द आपल्याकडे थोडा तुच्छतेने वापरतात, तसा वापरू नका. प्रश्न सचिवालयात कधी द्यायचे, कोणत्या खात्याचे लवकर लागतात, मागच्या वेळी काय नाकारलं गेलं, हे सगळं त्याला पाठ असतं. अधिवेशनाच्या तोंडावर त्याच्या टेबलावर अशा कागदांचा ढीग असतो. तुमचा मसुदा टाइप केलेला, युनिकोडमध्ये, जसाच्या तसा उचलून भरता येईल असा असेल तर तो वर जातो. हाताने लिहिलेलं आठ पानी गाऱ्हाणं खाली जातं.

५. मसुदा

इथे वेळ घालवा.

विधानसभेच्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. आपल्या भागातलं एक जुनं प्रकरण नमुन्याला घेऊ. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. पहिल्या झटक्यात माणूस असं लिहितो :

‘एकतानगरीतील रहिवाशांवर प्रशासनाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे महापुराचे संकट ओढवले असून निगरगट्ट अधिकाऱ्यांवर सरकार कारवाई कधी करणार?’

हा प्रश्न एकतर नाकारला जाईल किंवा ‘हे खरे नाही’ म्हणून निकालात निघेल. प्रश्नात विशेषणं, आरोप, अनुमान, मतप्रदर्शन चालत नाही. आणि ‘अक्षम्य हलगर्जीपणा’ खरा नाही, एवढं म्हणायला मंत्र्यांना काहीच लागत नाही.

आता हा पाहा :

‘सन्माननीय जलसंपदा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) दिनांक २५ जुलै, २०२४ रोजी वा त्या सुमारास खडकवासला धरणातून मुठा नदीत करण्यात आलेल्या विसर्गानंतर पुणे शहरातील सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातील इमारतींमध्ये पाणी शिरले, हे खरे आहे काय;
(२) दिनांक २४ व २५ जुलै, २०२४ रोजी विसर्ग वाढविण्याचा प्रत्येक निर्णय किती वाजता घेण्यात आला व त्याची पूर्वसूचना पुणे महानगरपालिका व जिल्हाधिकारी कार्यालय यांना किती वाजता व कोणत्या माध्यमातून देण्यात आली;
(३) सदर परिसरातील निळ्या व लाल पूररेषेची आखणी शेवटची केव्हा करण्यात आली;
(४) उक्त घटनेची चौकशी करण्यात आली आहे काय, असल्यास चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे;
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?’

पहिला भाग नाकारताच येणार नाही असा आहे, अख्ख्या शहराने तो पाहिलाय. दुसऱ्यात ‘किती वाजता’ आहे, त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ हे उत्तरच होत नाही. तिसऱ्यात पूररेषा आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आखणी कधीची आहे हे कागदावर आलं की तिच्या आत नंतर उभ्या राहिलेल्या बांधकामांबद्दल नगर विकासला वेगळा प्रश्न विचारता येतो. नुकसानभरपाई हा मदत व पुनर्वसनचा तिसरा प्रश्न. तिन्ही एकात कोंबलेत तर एक मंत्री दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दिवस संपतो.

आता ‘असल्यास’ची गोष्ट. नमुन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला मी तो शब्द मुद्दाम ठेवलेला नाही. जुन्या साच्यात प्रत्येक भाग ‘असल्यास’ने सुरू होतो. मग पहिल्याला ‘हे खरे नाही’ म्हटलं की पुढे एकाच ओळीत ‘(२), (३), (४) व (५) प्रश्न उद्भवत नाही’ छापून येतं. तुमची महिनाभराची धडपड त्या एका ओळीत जाते. म्हणून किमान दोन भाग तरी असे ठेवा, की पहिला नाकारला तरी ते स्वतःच्या पायावर उभे राहतील.

मसुदा देण्याआधी एवढं तपासा : प्रकरण न्यायालयात आहे का? न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न स्वीकारत नाहीत, आणि पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठच असल्यामुळे नदी, टेकड्या, झाडं यांचे विषय तिथे गेलेले असण्याची शक्यता मोठी. गेलेच असतील तर वादातला मुद्दा सोडून खर्च, मुदत, परवानगीची तारीख असं काही विचारा. माहिती सहज उपलब्ध प्रकाशनात आहे का? मग विचारू नका. काल्पनिक प्रश्न नको (‘पुन्हा पूर आला तर सरकार काय करणार?’). खासगी व्यक्तीचं नाव घालून बदनामी होईल असं काही नको.

खासदारांसाठी मसुदा हिंदी किंवा इंग्रजीत द्या आणि १५० शब्दांच्या आत ठेवा.

६. वेळ गाठा

राज्याची अधिवेशनं साधारण तीन : अर्थसंकल्पीय फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पावसाळी जून-जुलैमध्ये मुंबईत, हिवाळी डिसेंबरमध्ये नागपूरला. प्रत्येक अधिवेशनाआधी विधिमंडळ सचिवालय प्रश्न स्वीकारण्याचं वेळापत्रक काढतं आणि ते आमदारांच्या कार्यालयात येतं. ते मागून घ्या. अधिवेशन सुरू झाल्याची बातमी वाचून तारांकित प्रश्न द्यायला गेलात तर गाडी सुटलेली असते, तेव्हा फक्त लक्षवेधी उरते. पावसाळी अधिवेशनाचा विषय उन्हाळ्यातच हातात घ्यावा लागतो.

लोकसभेत किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते. एका दिवसासाठी खासदाराला पाच प्रश्नांच्या सूचना देता येतात. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, क्रम सोडतीने ठरतो. राज्यसभेत हे आकडे १५ आणि १६०. प्रत्येक मंत्रालयाचे वार ठरलेले असतात, ते चुकले तर आठवडाभर थांबा.

७. प्रश्न गेल्यावर काय होतं

स्वीकारला गेला की प्रश्न विधानभवनातून मंत्रालयातल्या विभागात जातो. कक्ष अधिकारी तो खाली पाठवतो, पुण्याच्या आयुक्त कार्यालयात, अधीक्षक अभियंत्याकडे, जिथला विषय असेल तिथे. खालून टिप्पणी येते, वर तिचं ‘उत्तर’ बनतं, सचिव आणि मंत्र्यांची मान्यता घेऊन ते छापायला जातं. म्हणजे उत्तराचा कच्चा माल ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच कार्यालयातून येतो. हे लक्षात ठेवलंत तर उत्तरं वाचून धक्का बसणार नाही.

या काळात तुम्हाला स्थानिक कार्यालयातून फोन येऊ शकतो : ‘अहो, काम करतोय ना, प्रश्न मागे घ्यायला सांगा की.’ गोड बोला, चहा घ्या, पण लेखी द्या म्हणा. लेखी आलं तर तो कागद आमदारांना द्या, उपप्रश्नाला कामी येतो.

८. उपप्रश्नांची चिठ्ठी

तारांकित प्रश्न यादीत बराच वर आला तरच पुकारला जातो. बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली असं धरतात. पुकारला जाण्याची शक्यता असेल तर आदल्या रात्रीच आमदारांच्या हातात अर्ध्या पानाची चिठ्ठी हवी. छापील उत्तर तोवर मिळालेलं असतं, त्यातली फट शोधून तीन उपप्रश्न लिहा, एकेक ओळीचे. तिसरा नेहमी तारखेचा ठेवा : ‘हे काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करणार, हे मंत्रीमहोदय सभागृहाला सांगतील काय?’

उपप्रश्नाची किंमत आपल्याला सहसा कळत नाही, कारण तो आयता मिळालाय. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळात प्रश्न विचारायची मुभा दिली, उपप्रश्नाची नाही. टिळक १८९५ पासून आणि गोखले १८९९ पासून मुंबईच्या कायदेमंडळात होते. आपल्या या दोन्ही पुणेकरांना सरकारचं उत्तर ऐकून खाली बसावं लागत होतं. उपप्रश्न आला १९०९ मध्ये, तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. टिळकांना उपप्रश्नाची मुभा असती तर काय झालं असतं, याचा विचार करायला मला आवडतं.

९. उत्तर वाचायला शिका

काही ठरलेले शब्द आहेत, त्यांचा अर्थ असा घ्या. ‘हे खरे नाही’ : एकतर तुमची माहिती चुकली किंवा प्रश्नातला एखादा शब्द पकडून सुटका करून घेतली. कोणता शब्द, ते शोधा. ‘हे अंशतः खरे आहे’ : सोनं. यातला खरा अंश कोणता, हा पुढचा प्रश्न. ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’ : काही झालेलं नाही. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ : या वर्षी नाही. ‘माहिती घेण्यात येत आहे’ : खालून टिप्पणी आलीच नाही किंवा आलेली वर दाखवण्यासारखी नव्हती.

गोलमाल उत्तराने हातपाय गाळू नका. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांमध्ये केलेल्या गुंतवणुकीबद्दल लोकसभेत विचारणा झाली, उत्तराने समाधान झालं नाही, आणि फिरोज गांधींनी ते धरून ठेवलं. प्रकरण न्या. छागला यांच्या चौकशीपर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्या गटाराच्या प्रश्नाने अर्थमंत्री जाणार नाहीत, पण पद्धत तीच.

१०. एक धोका, स्पष्ट शब्दांत

प्रश्न लावण्यासाठी कुणी पैसे मागितले तर उठून या. तुमच्या धंद्यातल्या स्पर्धकाचं टेंडर अडवण्यासाठी प्रश्न लावायचा विचार असेल तर तोही सोडा, कार्यालयातल्या अनुभवी माणसाला वास येतोच. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांची संसदेतून हकालपट्टी झाली. आणि आमदार-खासदारांच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड कुणी सोयीसाठी देऊ केला तरी घेऊ नका. मसुदा तुमचा, भरायचं त्यांनी किंवा त्यांच्या अधिकृत माणसाने.

११. उत्तर आल्यानंतरचं काम

बहुतेक गट इथे बातमी छापून आणतात, व्हॉट्सअॅपवर कात्रण फिरवतात आणि थांबतात. खरी वसुली इथून पुढे असते.

छापील उत्तराची प्रत आणि सभागृहातल्या कार्यवाहीचा उतारा मिळवा. मंत्र्यांनी तोंडी दिलेला शब्द छापील उत्तरात नसतो, तो कार्यवाहीतच सापडतो. ‘करण्यात येईल’, ‘तपासून घेऊ’, ‘तीस दिवसांत बैठक घेऊ’ असं जे जे असेल ते अधोरेखित करा. दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या याच गोष्टींचा पाठपुरावा करतात. लोकसभेत आश्वासन पूर्ण करायला तीन महिने धरलेले आहेत. तुमच्या विषयातलं आश्वासन समितीच्या यादीत आलंय का, हे आमदारांमार्फत विचारा. आलं नसेल तर समितीला पत्र द्यायला सांगा.

मग माहिती अधिकाराचा अर्ज : ‘तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या अनुषंगाने क्षेत्रीय कार्यालयाने शासनास सादर केलेल्या टिप्पणीची प्रत मिळावी.’ हा अर्ज उत्तर सभागृहात आल्यावरच टाका, आधी टाकलात तर विशेषाधिकाराचं कारण पुढे करून नाकारतात. टिप्पणी आणि छापील उत्तर शेजारी ठेवून वाचा. खालच्या अभियंत्याने प्रामाणिकपणे ‘काम अपूर्ण’ लिहिलेलं आणि वर ते ‘प्रगतीपथावर’ झालेलं, असं सापडतं. तफावत मोठी असेल तर अर्धा तास चर्चेची सूचना. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा कागदोपत्री पुरावा असेल तर आमदार हक्कभंगाची सूचनाही देऊ शकतात, पण ती ऊठसूट काढायची गोष्ट नव्हे, पुरावा लेचापेचा निघाला तर पुढचे प्रश्नही हलके होतात.

शेवटी, उत्तरात जी तारीख मंत्र्यांनी दिली असेल ती कॅलेंडरवर लिहा आणि ती उलटली की पुढच्या अधिवेशनाच्या मसुद्याचा पहिला भाग असा लिहा : ‘तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात, सदर काम दिनांक अमुकपर्यंत पूर्ण करण्याचे सभागृहात सांगण्यात आले होते, हे खरे आहे काय;’